डब्यातला केर

वकीलबाईंनी कागद माझ्यापुढे सरकवला. फार काही लिहिलेलं नव्हतं त्यात. ‘माझ्या मालकीचं जे जे आहे ते सगळं यादीत दिलं आहे, काहीही लपवलेलं नाही,’ आणि खाली सहीसाठी रेघ.

मी कवळ्या बनवणारा माणूस. तीस वर्षं लोकांच्या तोंडात दात बसवले आणि आता माझ्याच तोंडचं पाणी पळालं होतं. कवळीचे दात कोरून काढणारं एक नवं मशीन मी कर्जावर घेतलं, आणि ते घरात येतंय न येतंय तोच मला कामं पाठवणारे तिन्ही डॉक्टर एका मोठ्या कारखान्याकडे गेले. हप्ते थकले. ते भरायला दुसरं कर्ज, त्याच्यासाठी तिसरं. हल्ली वसुलीवाल्यांचा फोन वाजला की मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडतो. नळाच्या आवाजात फोन ऐकू येत नाही, एवढंच.

शेजारी बायको बसली होती, उजव्या गालावर हात ठेवून.

वकीलबाई माझ्या मुलीपेक्षा फार तर दहा वर्षांनी मोठ्या, पण बोलणं स्वच्छ. “हे बघा काका, दोन रस्ते आहेत. पहिला म्हणजे कोर्टामार्फत सगळ्यांशी एकदम ठरवायचं आणि पाच वर्षं दर महिन्याला जमेल तेवढं भरायचं. त्याला ठरावीक कमाई लागते. आहे?”

“महिन्याला दोन कवळ्या येतात,” मी म्हणालो. “त्यातलं एखादं गिऱ्हाईक कवळी न्यायच्या आधीच जातं.”

त्या हसल्या नाहीत. “मग दुसरा. दिवाळखोरी. आहे ते कोर्टाच्या हवाली करायचं, ज्यांचं देणं आहे त्यांना त्यातून मिळेल ते मिळेल, उरलेलं माफ. हातातली साधी हत्यारं, भांडी, अंथरूण-पांघरूण राहतं. मशीन जाईल.”

“जाऊ दे मेलं,” बायको म्हणाली.

“पण काही लपवलेलं सापडलं, तर माफी विसरा. कर्ज जन्मभर मानगुटीवर राहणार, वर खोट्या शपथेचा खटला.”

 मला डबा आठवला.

सोन्याचा दात घासताना भुकटी उडते. ती खाली पडू नये म्हणून कामाच्या टेबलाला एक चामडं लावलेलं असतं. संध्याकाळी मऊ ब्रशने ते झाडायचं आणि झाडलेलं डब्यात टाकायचं. आमच्या धंद्यात त्याला सोनं म्हणत नाहीत, केर म्हणतात. वडिलांनी तो डबा सुरू केला, मी चालू ठेवला. जाण्यापूर्वी ते मला म्हणाले होते, “हा नातवंडाच्या शिक्षणाला. दुसऱ्या कशासाठी याला हात लावायचा नाही. आणि बोलायचं नाही कुणाजवळ, घरातसुद्धा.” प्लास्टरच्या पोत्यामागे तो डबा ठेवलेला आहे. पुढच्या वर्षी मुलगी नर्सिंगला जाईल, तिची पहिल्या वर्षाची फी त्यात आहे. यादी करताना मी पकडी लिहिल्या, एका पायाने अधू असलेलं स्टूलसुद्धा लिहिलं. डबा नाही लिहिला. केर कुणी लिहितं का, असं स्वतःला सांगितलं, आणि तेव्हा ते मला पटलंही.

आता पटेना. कोर्टाचा माणूस पोतं बाजूला सरकवतोय, असं डोळ्यांसमोर दिसायला लागलं.  सहीचं पहिलं अक्षर काढलं आणि मी थांबलो.

“बाई, केर लिहायचा असतो का?”

“कसला केर?”

मी सांगितलं. सगळं. खाली मान घालून, टेबलाच्या कडेकडे बघत.

 मग बायको बोलली, पण माझ्याशी नाही, वकीलबाईंशी. “वर्षभर मी एका बाजूने चावतेय. दाढेवर टोपी घालून द्या म्हटलं, तर म्हणाले, साध्या धातूलासुद्धा पैसे नाहीत.”

वसुलीवाले परवडले, असं मला झालं.

“काका, लिहू ना?” वकीलबाईंनी विचारलं. “बहुतेक जाईल ते. मुलीच्या नावाचा एखादा कागद असता तर काही करता आलं असतं.”

“कागद नाही. लिहा.”

त्यांनी लिहिलं. मी सही केली. रस्ताभर बायको चार पावलं पुढे चालत होती.

घरी आल्यावर काय करावं कळेना, म्हणून टेबलापाशी बसलो. उद्या वजन करून डबा द्यायचा होता. हाताने सवयीने ब्रश उचलला, चामडं झाडलं, आणि शिवणीत काहीतरी चमकलं. मी बोट टेकवलं. पिवळा कण बोटाला चिकटून आला.

 हा यादीत नव्हता. सही तर झाली होती. मी दुसऱ्या हाताने फोन लावला.

“बाई, आणखी सापडलं.”

“किती?” त्यांचा आवाज चढला.

“कणभर. बोटावर आहे.”

 मग त्या म्हणाल्या, “काका, फुंकर मारा आणि चहा प्या.” आणि फोन ठेवला.

पण मला फुंकर मारवेना. वडिलांचा शब्द गेला, मुलीची फी गेली, बायकोची दाढ तशीच राहिली, आणि एवढ्याशा कणाचीही मला भीती वाटत होती. बोट वर धरून मी तसाच बसून राहिलो, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखा.

बायको स्वयंपाकघरातून आली. माझ्याकडे बघितलं, बोटाकडे बघितलं.  माझं मनगट धरून तिने बोट आपल्या तोंडाजवळ नेलं. तिच्या श्वासाला लवंगेचा वास होता; दुखऱ्या दाढेखाली ती वर्षभर लवंग धरत होती. तिने फुंकर मारली.