चौदा नंबरच्या घरातली मुलगी

जुन्या जनगणनेच्या नोंदींतून माणसांचा माग काढायला मी बावीस वर्षं शिकवलं. दहा-दहा वर्षांच्या अंतराने झालेल्या तीन गणनांचे तक्ते समोर पसरायचे, नावांवर कागदाची पट्टी लावायची, आणि वय, नातं, धंदा एवढ्यावरून शोधायचं, की पहिल्या तक्त्यातलं पोर पुढच्या दोन्हींत कुठे सापडतं. चांगले शिकलेसवरलेले संशोधक पहिल्या आठवड्यातच रडकुंडीला यायचे. बायका दहा वर्षांत चारच वर्षांनी मोठ्या होतात आणि पुरुष चाळिशीवरून थेट साठीत उडी मारतात, हे त्यांना आधी कुणी सांगितलेलं नसायचं.

प्रत्येक तुकडीला मी पहिल्याच दिवशी माझं पितळी पदक दाखवायची. एकोणिसाव्या वर्षी मी गणनेसाठी घरोघर फिरले होते आणि माझ्या भागात एकही चूक निघाली नव्हती, म्हणून ते मिळालेलं. पदक टेबलावर ठेवायचं आणि सांगायचं, काम असं करायचं.

एका तुकडीत कानावर कायम पेन्सिल खोचलेली एक मुलगी होती. सगळे तिला सुतारबाई म्हणत. चांगली नोकरी सोडून आली होती. शेवटच्या परीक्षेला चिठ्ठ्या टाकून प्रत्येकाला एकेक गल्ली मिळे, आणि गल्लीतला एक जरी माणूस खुलाशावाचून राहिला तर पुढच्या मोठ्या अभ्यासात जागा मिळत नसे.

परीक्षेच्या आदल्या दुपारी ती माझ्यासमोर येऊन बसली. दोनशे सहा माणसं लागली होती, एक लागत नव्हतं. चौदा नंबरच्या घरात पहिल्या गणनेला नऊ वर्षांची मुलगी. दुसऱ्या गणनेत ती नाही. मृत्यूच्या वहीत नाही, लग्नाच्या वहीत नाही. तिसऱ्या गणनेत त्याच घरात एकोणतीस वर्षांची मुलगी, धंदा शिक्षिका.

मी नेहमीचं सांगितलं. वसतिगृहं बघ, आजोळ बघ. ते सगळं तिचं बघून झालं होतं.

"बाई, मला वाटतं लिहिणाऱ्यानेच डुलक्या घेत लिहिलंय," ती म्हणाली.

मी चष्मा लावून दुसऱ्या गणनेचा तक्ता पुढे ओढला. कर्ता घड्याळं दुरुस्त करणारा. सोळा वर्षांचे जुळे मुलगे. आंधळी आत्या. आणि खाली तारखेत लांबलचक शेपूट सोडलेला नऊचा आकडा.

आमचंच घर होतं ते. त्या गणनेला हातात तक्ता घेऊन, कुणी परकी असल्यासारखी मी आमच्याच दाराची कडी वाजवली होती. आईने विचारलंही होतं, "अगं, स्वतःला लिहिलंस का?" आणि मी तिला सुनावलं होतं, की सरकारी कामात लुडबुड नको.

सुतारबाईला 'उद्या बघू' म्हणून मी वाटेला लावलं. गप्प राहिले तर पदकाची शान राहणार होती आणि तिची जागा जाणार होती. घरी पोचेपर्यंत माझा निश्चय तीनदा बदलला.

दुसऱ्या दिवशी परीक्षेला बसलेल्या प्रत्येकाचा तक्ता तपासताना आमच्या संचालकांनी नेमकं चौदा नंबरवर बोट ठेवलं. सुतारबाई खाली मान घालून उभी राहिली. मी उठले आणि पदक तिच्या तक्त्यावर ठेवलं.

"ती मुलगी म्हणजे मी. अख्खी गल्ली मोजली, स्वतःला मोजायची राहिले."

संचालक पंधरा वर्षं त्या पदकाची कथा ऐकत आले होते. ते इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग गंभीर होऊन म्हणाले, "पुरावा?"

मी तोंड उघडायच्या आत सुतारबाईने तक्ता उचलला आणि फळ्याशी नेऊन धरला. फळ्यावर आदल्या दिवशी मीच लिहिलेली तारीख होती, तिच्यात तोच शेपटीवाला नऊ. दोन्ही आकडे शेजारी शेजारी लोंबत होते.

तिला जागा मिळाली. शेऱ्याच्या रकान्यात तिने लिहिलं होतं: 'जिवंत. इतरांना मोजण्यात गुंतली होती.' पदक मी पुढेही प्रत्येक तुकडीला दाखवत राहिले, पण त्याची गोष्ट बदलली.

त्या संध्याकाळी आईला फोन करून सगळं सांगितलं.

"मी तेव्हाच म्हटलं होतं," आई म्हणाली. एवढं बोलायला ती एकतीस वर्षं थांबली होती.