थेंबाच्या पोटातला थेंब

मित्रांनो, मी औषधांच्या प्रयोगशाळेतला एक जुना सूक्ष्मदर्शक. माझं एक चाक फिरवताना अडखळतं, पण नजर अजून शाबूत आहे.

नवा होतो तेव्हा माझ्यापाशी रांग लागायची. मग आकडे दाखवणारं यंत्र आलं आणि माझी रवानगी कपाटात झाली. गरज सरो, वैद्य मरो. खरं सांगतो, फार वाईट वाटलं.

मला बाहेर काढलं ते संशोधन करणाऱ्या एका ताईनं. ती मुलांसाठी औषध बनवत होती. पाण्याचे थेंब तेलाच्या थेंबांत, आणि ते तेलाचे थेंब पुन्हा पाण्यात. औषध सगळ्यांत आत. तेलाच्या भिंतीतून ते हळूहळू झिरपलं, तर कडू डोस दिवसातून चारदा नाही, एकदाच पुरणार होता. पण तिचं औषध तासाभरातच बाहेर पडायचं. दोन वर्षं गेली. तिला मार्गदर्शन करणाऱ्या मॅडमनी बजावलं, "शुक्रवारपर्यंत जमलं नाही, तर विषय बदल."

तेल आणि पाणी एकत्र नांदवायला साबणाच्या भावकीतले दोन पदार्थ लागतात. त्यांना सर्फॅक्टंट म्हणतात. एक तेलात राहून आतले थेंब सांभाळतो, दुसरा बाहेरच्या पाण्यात राहून तेलाचे थेंब सुटे ठेवतो. औषध गळलं की ताई बाहेरचा वाढवायची. भिंत पक्की होईल, असं तिला वाटे. यंत्राचा आकडाही छान यायचा. ते बिचारं थेंबाचा बाहेरचा आकार तेवढा मोजायचं. पोटातलं त्याला काय कळणार?

गुरुवारी सकाळी तिनं काचपट्टी माझ्याखाली ठेवली आणि अर्धा तास डोळा हलवला नाही. आतले थेंब एकेक करून नाहीसे होत होते.

"अगं बाई," ती पुटपुटली, "जास्तीचा साबण ओतून मीच भिंत धुऊन काढतेय."

तिनं बाहेरचा सर्फॅक्टंट पाव हिश्शावर आणला. शुक्रवारी, आठ तासांनंतरही, निम्मं औषध आतच होतं. मॅडम स्वतः माझ्यावर वाकल्या.

"आहेत गं थेंब पोटात," त्या म्हणाल्या. "विषय राहू दे तुझाच."

ताई मटकन स्टुलावर बसली आणि हसता हसता रडली. माझाही जीव भांड्यात पडला.

मित्रांनो, आमच्यावर धूळ बसू देऊ नका, भिंगाला बोटं लावू नका. आणि काही बिघडलं, तर आणखी ओतण्याआधी एकदा वाकून बघा. अर्धा तास लागतो. हवं तर ताईला विचारा.