हनुवटीवरचा खड्डा

पुतळेवाल्याने जन्मभर थोरामोठ्यांची डोकी घडवली. ग्रंथालयाच्या लांब दालनात ती ओळीने बसली होती: कुणी ग्रहांच्या वाटा मोजणारा, कुणी धर्म सांगणारा, कुणी सगळ्यावरच शंका घेणारा. बायकोचं गाऱ्हाणं मात्र एकच. "अहो, मेलेल्यांच्या दाढ्या विंचरून झाल्या असतील तर कधीतरी माझ्याकडेही बघा." तो हसण्यावारी न्यायचा.

खरं तर त्याने बघितलं होतं. त्या ओळीत एक बाई होती, गणित शिकवणारी, जमावाने मारलेली. ती कशी दिसायची ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तेव्हा नवीनच लग्न झालेलं. याने गुपचूप बायकोचा चेहरा तिला देऊन टाकला. सांगायची लाज वाटली, मग ते राहूनच गेलं. असा हा शूर माणूस.

आता बायकोची दृष्टी गेली होती आणि तिच्या दुखण्यापुढे डॉक्टरांनी हात टेकले होते. तिचा जीव जायच्या आत तिला हे कळलं पाहिजे, या एकाच गोष्टीचा त्याने ध्यास घेतला. ग्रंथपालाच्या हातापाया पडून त्याने पुतळा हातगाडीवरून घरी आणला आणि तिच्या उशाशी ठेवला.

"हात लावून बघ. ही तू आहेस."

तिची बोटं कपाळावरून फिरली, नाकाशी थबकली. चेहरा उजळला. मग बोटं हनुवटीवर आली आणि तिथेच घुटमळत राहिली.

"माझा खड्डा कुठाय?"

लहानपणी पायरीवर आपटून तिच्या हनुवटीला पडलेला खड्डा. मातीत त्याने तो प्रेमाने कोरला होता. पण साच्यातून निघालेल्या प्लास्टरला बुडबुड्यांचे खड्डे असतातच. ते बुजवायचे आणि घासायचे, ही हाताची सवय. तिचाही बुजवला गेला होता.

"अगं, तो माझ्याच हातून..."

"असू द्या हो. माझं मन राखायला कुणाचंतरी डोकं उचलून आणलंत." ती रागावली नव्हती, हेच त्याला जास्त लागलं. "देखणी आहे पण. परत नेऊन ठेवा." तिने भिंतीकडे तोंड केलं.

त्याने कोरणी आणली. ती जागा त्याला डोळे मिटूनही सापडली असती. खड्डा झाला, तसा त्याने तिचा हात उचलून त्यावर ठेवला.

"आता बघ ना."

तिने बोट फिरवलं, मग अंगठ्यावर चोळलं.

"भुगा लागतोय," ती म्हणाली, आणि हात काढून घेतला.