नेहाच्या पुस्तकाचं अक्षर

मी एक फॉन्ट आहे, छापील अक्षरांचं एक वळण. अंगानं अरुंद, पण प्रत्येक कान्याच्या पायाशी चौकोनी ठोकळा, त्यामुळे लहान आकारातही ओळीत घट्ट उभा राहतो. मोशीतल्या दोन खोल्यांच्या घरात, बुद्धभूषणच्या संगणकावर माझा जन्म झाला.

मला मागून घेतलं ते त्याच्या बहिणीनं, नेहानं. ती चाकणच्या एका कंपनीत वायरिंगच्या लायनीवर होती. जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या बायका जे सांगत, त्याच्या ती गोष्टी लिहायची. एकदा ती म्हणाली, "दादा, जाडजूड पुस्तकाला आमच्या बायका हात लावणार नाहीत. डब्याच्या पिशवीत मावेल असं कर."

म्हणून त्यानं मला अरुंद काढलं, नोकरी सांभाळून, सुट्ट्या घालवून. 'क्ष' आणि 'ज्ञ'नं त्याला फार छळलं. अंग आवळलं की त्यांच्या पोटातली जागा बुजायची. नेहा पहिली शिफ्ट करून आली की माझी प्रिंट वडिलांपुढे धरायची. भिवाबाबांची नजर अधू. ते जिथं अडखळत, ते अक्षर बुद्धभूषण पुन्हा काढायचा. एका संध्याकाळी त्यांनी अख्खं पान न थांबता वाचलं. नेहा हसत म्हणाली, आता छापायला हरकत नाही.

त्याच आठवड्यात कामावरून परतताना नाशिक रस्त्यावर कंटेनरनं तिच्या स्कूटरला धडक दिली. ती जागेवरच गेली.

दोन दिवसांनी गल्लीतला दिग्विजय आला. चौकात आदरांजलीचा फ्लेक्स लावायचा होता. तो हळूच म्हणाला, "भावा, सगळ्यांची नावं बसत नाहीत. तुझ्याकडं तो बारीक फॉन्ट आहे ना?"

बुद्धभूषणनं मला पेनड्राइव्हवर घालून दिलं.

असा मी पहिल्यांदा लोकांसमोर आलो. वर नेहाचा फोटो, खाली शोकाकुल मंडळींच्या रांगाच रांगा. तिचं नाव एकदाच, आणि तिनं लिहिलेला एक शब्दही नाही. ती सगळी नावं माझ्यामुळेच तिथं मावली होती.

फ्लेक्सवाल्याला मी आवडलो. आता मोशीपासून रावेतपर्यंत वाढदिवसांच्या आणि प्लॉटच्या फ्लेक्सवर मीच असतो. पुस्तकाच्या पानावर मात्र अजून एकदाही नाही.

भिवाबाबा अधूनमधून विचारायचे, पोरीचं पुस्तक कधी करायचं. एकदा बुद्धभूषण म्हणाला, "बाबा, ते अक्षर बघितलं की मला चौकातला फ्लेक्स दिसतो. माझ्याच्यानं नाही होत." त्यानंतर त्यांनी विचारणंच सोडलं.

नेहाच्या गोष्टी माझ्याच वळणात लावून संगणकात पडून आहेत. तो ती फाइल उघडत नाही, आणि मला स्वतःहून कुठं जाता येत नाही. ज्या गोष्टींसाठी मला घडवलं, त्यांच्याच वाटेत मी आडवा पडलोय.

बुद्धभूषण, तुला ऐकू येणार नाही, तरी सांगतो. मला काढून टाक. त्या गोष्टी कुठल्याही साध्या अक्षरात लाव, पानं वाढली तर वाढू देत. बाबांना आता पेपरातले ठळक मथळेसुद्धा धूसर दिसतात. उशीर करू नकोस.