चिठ्ठी निघालेली काचपट्टी

मित्रांनो, मी शाळेतली एक जुनी काचपट्टी आहे. एवढं मला नक्की सांगता येतं. पण माझ्या पोटात काय आहे असं विचाराल, तर माझा गोंधळ होतो.

मी मूळची कोरी काच. चांदूर रेल्वेच्या शाळेत जीवशास्त्र शिकवणाऱ्या गोदावरीबाईंनी मला एका रविवारी घरी नेलं. जेवणाच्या टेबलावर बसून त्यांनी ब्लेडनं कशाची तरी पातळ साल काढली. "छान निघाली," एवढंच त्या म्हणाल्या. कशाची, ते बोलल्या नाहीत. त्यांनी साल लाल रंगात बुडवली, धुतली आणि माझ्यावर पसरली. वर डिंकासारख्या घट्ट रसायनाचा थेंब टाकला. बारीक काचेचं झाकण सुईनं हळूहळू टेकवत होत्या, तोच कुकरची शिट्टी झाली. हात हलला आणि आत एक बुडबुडा अडकला.

"राहू दे," बाई हसून म्हणाल्या. "पोरांले बुडबुडाबी ओळखता आला पाहिजे."

एका टोकाला त्यांनी नावाची चिठ्ठी डकवली. ती मला कधी वाचता आली नाही. स्वतःच्या कपाळावरचं कोण वाचतं?

पुढची वर्षं कामाची गेली. सूक्ष्मदर्शीखाली मला ठेवलं की मुलांची रांग लागायची. पण बहुतेक जण बुडबुड्यावरच खूश. काळ्या कडेचा तो गोल ते वहीत मोठ्या मेहनतीनं काढायचे आणि खाली 'पेशी' लिहायचे. इतक्यांदा ऐकल्यावर मलाही वाटू लागलं, माझ्यात महत्त्वाचं तेवढंच असावं. मग बाई पट्टी जराशी सरकवायच्या. "बाजूले पाहा न रे. खरं बाजूले आहे." बाजूला काय आहे, ते मला दिसत नव्हतं. एका मुलानं सूक्ष्मदर्शीची नळी इतकी खाली आणली की माझा कोपरा तडकला. बाईंनी त्याला रागावलं आणि मला रुमालानं पुसलं.

मग एक दिवस बाई आल्या नाहीत. मला वाटलं, दिवाळीची सुट्टी असेल. आम्हा पट्ट्यांची पेटी उघडलीच नाही, तेव्हा वाटलं उन्हाळ्याची असेल. मित्रांनो, सुट्टी कोणती आणि कायमचं जाणं कोणतं, हे पेटीतल्या अंधारात कळत नाही. त्याच अंधारात कागद खाणाऱ्या कसरीनं माझी चिठ्ठी खाऊन टाकली.

पेटी उघडली ती नगमा मॅडमनी. त्या नव्या शिक्षिका. चिठ्ठीवाल्या पट्ट्या त्यांनी कपाटात ठेवल्या आणि मला फुटक्या काचांच्या खोक्यात टाकलं. त्याच दिवशी गोदावरीबाईंचा चष्मा आणि शाल न्यायला त्यांचे यजमान आले. उद्धवराव, कोर्टात वकिली करणारे. त्यांच्या बोलण्यातून मला पहिल्यांदा कळलं की बाई वारल्या, आता येणार नाहीत.

उद्धवरावांची नजर खोक्यावर गेली. "हेबी तिनंच केलं का? काहून फेकून राहिल्या?"

"वकीलसाहेब, चिठ्ठी निघाली हिची," मॅडम म्हणाल्या. "आत काय आहे मलाच माहीत नाही. मुलांना चुकीचं सांगू का?"

"मले पाहू द्या."

वर्गातली मुलं भोवती जमली आणि मॅडमनी मला सूक्ष्मदर्शीखाली ठेवलं. उद्धवराव वाकले. "काळंकाळं दिसून राहिलं. गवतासारखं."

"काका, ते तुमच्या पापणीचे केस आहेत!" पुढे उभी असलेली श्रावणी म्हणाली. सगळा वर्ग हसला. ते पुन्हा वाकले.

"हां, आता दिसलं. मोठा गोल हाय. झकास हाय."

"तो बुडबुडा हाय काका," पियुष म्हणाला.

उद्धवराव ताठ झाले. "घरी टेबलावर लाल डाग राहत. मले वाटे लोणच्याचे हायेत." त्यांनी मला सूक्ष्मदर्शीखालून काढलं. "मॅडम, तुमच्या कामाची नसन, तर मले द्या. घरी ठेवतो."

त्यांनी मला खिशात ठेवलं. मला कळेना, बरं वाटावं की वाईट. त्या घरातच तर मी तयार झाले होते.

"पण काका," श्रावणी म्हणाली, "घरी पाहाल कशानं?"

ते दारात थांबले. घरी सूक्ष्मदर्शी नव्हता. घरी मी म्हणजे नुसता गुलाबी डाग. त्यांनी मला खिशातून काढून मॅडमच्या हातावर ठेवलं.

"इथंच राहू द्या मंग. पण हे काय हाय ते शोधा. मलेबी सांगा."

तेव्हापासून वर्गात माझ्यावरून भांडणं आहेत. पियुष म्हणाला, कांद्याची साल. त्यानं कांदा आणून सोलला, शेजारी ठेवून पाहिला. श्रावणी म्हणाली, "ओठासारखं उघडं दिसते न, ते पर्णरंध्र हाय. कांद्याच्या आतल्या सालीत कुठं राहते ते? हे पान हाय!" मॅडमनी पाहिलं आणि मान डोलावली. पान, पण कशाचं? कण्हेर झाली, रुई झाली, जास्वंद झाली. शनिवारी उद्धवराव अंगणातलं एखादं पान रुमालात घेऊन येतात. आता त्यांना पापणी दिसत नाही. ते बुडबुडा सोडून बाजूला पाहतात, बराच वेळ पाहतात आणि म्हणतात, "हे नाही." पुढच्या शनिवारी दुसरं पान.

मी कोण, ते अजून ठरलेलं नाही. ठरेल की नाही, तेही माहीत नाही.

मित्रांनो, काचपट्टीला कडेनं धरा, नळी हळू खाली आणा. आणि तुमच्या घरात कोणी टेबलावर काही मांडून बसलं असेल, तर जवळ जाऊन एकदा विचारा, "हे काय आहे?" सांगणारं माणूस समोर आहे तोवर विचारा. मी ते पोटात घेऊन बसले आहे, तरी मला सांगता येत नाही.