पाठीमागचं पाणी

झलमय निघतो म्हणाला त्याला बराच वेळ झाला, पण तो काही निघत नव्हता. गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडून झालं, तरी आपला फाटकापाशी खिसे चाचपत उभा.

वरच्या खिडकीतून यमुनाबाई बघत होत्या. झलमय त्यांच्या मुलाचा, पुष्करचा भाडेकरू. खालच्या खोल्यांत एकटाच राहायचा. कुंदुझला तो जर्मन फौजेचा दुभाषा होता. फौज गेली, तालिबान आले, आणि काबूलच्या विमानतळावरच्या रेट्यात कुटुंबाची ताटातूट झाली. हा आत, बायको पलवशा आणि दोघी मुली बाहेर. त्या पुढे इस्लामाबादला पोचल्या आणि तिथेच अडकल्या. धाकटीला बाप ठाऊक होता तो फोनातलाच. पुष्करनं कचेऱ्यांना मेल करकरून बोटं झिजवली होती. तरी दोनदा ‘येताहेत’ म्हणून झलमय हानोव्हरच्या विमानतळावर गेला आणि रिकाम्या हातांनी परतला. दुसऱ्या खेपेला धाकटीसाठी घेतलेले लाल बूट तेव्हापासून दाराशी वाट बघत होते. आज तिसरी खेप.

शाल गुंडाळून त्या खाली आल्या. “क्या रे, कुछ भूला क्या?” त्यांचं हिंदी साताऱ्याचं, त्याचं सिनेमातलं; दोघांचं झकास जमायचं.

तो ओशाळला. मग हळूच सांगितलं, की त्यांच्याकडे माणूस प्रवासाला निघाला की घरच्या बाईनं त्याच्या पाठीमागे पाणी ओतायचं. वाट सुखाची होते, माणसं माघारी येतात.

“मी शिकलेला माणूस आहे, खाला,” तो म्हणाला. “पण दोन्ही वेळा मागे कोणी नव्हतं.”

यमुनाबाई वर गेल्या त्या तांब्या भरूनच आल्या. गाडी हलली तशी फाटकाच्या पायरीपासून रस्त्यापर्यंत त्यांनी धार धरली. आणि धारेमागून ओवी आपसूक आली:

पाणी ओतिते पाठीशी, वाट वल्ली बाई झाली,
त्याच वाटनं माघारी, सून लेकी घेऊन आली.

वाट वल्ली झाली खरी, पण जानेवारीत ती वल्ली राहते थोडीच! घटकाभरात पायरीवर काच पसरली. कॉफीचा मग घेऊन बाहेर आलेला पुष्कर फाटकाला लटकला म्हणून वाचला.

“आई, इथे कोणी पडलं तर आपल्यावर येतं. खरवडून टाक बघू ते.”

खरवडायचं? ओतलेलं शकुनाचं पाणी? चालतं की नाही, कोणाला विचारणार? झलमय हायवेवर. ठेवलं तर दमून आलेली पोर पहिल्याच पावलाला आपटेल. काढलं तर वाट मोडेल, आणि तिसऱ्यांदाही गाडी रिकामी आली तर? यमुनाबाई दारातच थबकल्या. मग त्यांना खडेमिठाची आठवण झाली. पुष्करच्या बायकोनं नावं ठेवली तरी दृष्ट काढायला म्हणून साताऱ्याहून बॅगेतून आणलेलं. पुसायचं नाही, पण आपणहून विरघळलं तर कोण नाही म्हणतंय? मुठी भरभरून त्यांनी आधी पायरीवरून ओवाळलं, मग पसरलं.

“हे बर्फ काढणं झालं की दृष्ट?” पुष्करनं विचारलं.

“दोन्ही. तू गप कॉफी पी.”

मग नुसतं बसणं. विमान उतरल्याचा निरोप आला, पण त्यापुढे फोन मुकाच. माय गं, उतरणं आणि बाहेर येणं यांत किती दारं असतात! यमुनाबाईंनी भाकऱ्यांचं पीठ मळलं, झाकलं, पुन्हा मळलं. शेवटी फोनवर एक फोटो आला: ट्रॉली, ट्रॉलीवर झोपलेली एक मुलगी, आणि झलमयचा अर्धाच चेहरा, कारण उरलेला अर्धा पलवशाच्या खांद्यात होता.

गाडी फाटकाशी लागली तेव्हा ऊन कलत होतं. मोठी बहीण आधी उतरली. धाकटीनं दाराशी लाल बूट बघितले आणि तिथेच बसून पायांत कोंबले. लहान झालेले, टाचा दाबून. त्याच फटफटत्या बुटांनी ती पायरीवर उतरली, परत चढली, पुन्हा उतरली. पायाखाली मीठ करकर वाजत होतं. आवाज आवडला असावा. एकदाही घसरली नाही.

झलमयनं बायकोला काहीतरी सांगितलं. पलवशानं पायरीकडे पाहिलं, मग यमुनाबाईंकडे, आणि त्यांचे मिठानं खरखरीत झालेले हात दोन्ही डोळ्यांना लावले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुष्कर कामाला निघाला. गाडी फाटकाबाहेर पडते न पडते, तोच खालच्या खोल्यांतून पलवशा भरला जग घेऊन धावली, आणि तिच्यामागून मिठाची बरणी घेऊन यमुनाबाई.

“ओत बये, ओत,” त्या म्हणाल्या. “मी आहे मागे.”