वारा उलटा होता

“वारा उलटा होता हो, नाहीतर मला हाक ऐकू आली नसती का?” कप्तान दाराबाहेरच नव्या पाहुण्यांना सांगत होता. आत शेडमध्ये फाटका काइट मशीनवर शिवत बसलेल्या थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिचा पाय मशीनवर असा काही पडला की सुई कापडातच मोडली.

कप्तान हा तिचा नवरा. जन्मात कधी होडीवर पाय ठेवला नाही, पण गळ्यात शिट्टी आणि डोळ्यांवर काळा चष्मा एवढ्या भांडवलावर सगळे त्याला कप्तान म्हणायचे. समुद्र आणि तळं यांच्यामध्ये वाळूची एक पट्टी होती, आणि त्या पट्टीवर या नवरा-बायकोची काइटसर्फिंगची शाळा. पायाखाली फळी घ्यायची, कमरेला काइट, म्हणजे भलामोठा कापडी पतंग, बांधायचा आणि वाऱ्याच्या जोरावर पाण्यावरून सुसाट सुटायचं, हे तिथं शिकवत. तळं ताटासारखं सपाट. कितीही आत गेलं तरी पाणी कमरेच्या वर चढत नसे. ‘इथं बुडायचं म्हटलं तरी बुडता येत नाही’ असं कप्तानने पाटीवरच रंगवून घेतलं होतं. उथळ पाण्यात माणूस बुडत नाही हे खरं. आपटतो मात्र जोरात, आणि ते पाटीवर लिहिलेलं नव्हतं.

थोरलीची सख्खी धाकटी बहीण तशीच आपटली होती. ऑफिसातली नोकरी सोडून ती या तळ्यावर आली, उन्हात करपली, शिकली आणि या हंगामापासून स्वतः शिकवायला उभी राहणार होती. त्या दिवशी ती काठाजवळ पाण्यात उभी होती, कमरपट्ट्याला दोऱ्या अडकवून. दोऱ्यांच्या दुसऱ्या टोकाला कप्तान काइट धरून होता. उडवणाऱ्याने अंगठा दाखवायचा, धरणाऱ्याने दोऱ्या नीट बघायच्या आणि मगच काइट सोडायचा, एवढा साधा व्यवहार.

लाल दोरी काइटच्या टोकाला गुंडाळली गेलीय हे शेडच्या दारातून थोरलीला दिसलं. ती बेंबीच्या देठापासून ओरडली, “अहो, थांबा! अहो, दोरी! अहो!” कप्तानची मान जराशी वळली. काठावर पाहुणे फोटो काढत उभे होते. त्याने मान पुन्हा सरळ केली आणि काइट सोडला. काइट गरगर फिरला, धाकटी फरपटत गेली आणि घोट्याएवढ्या पाण्यात, तळाच्या टणक वाळूवर आदळली. खांद्याचं हाड मोडलं, मनगटही मोडलं.

दवाखाना येईपर्यंत कप्तानची गोष्ट तयार होती. पोरीने घाई केली, अंगठा आधीच दाखवला. आणि बायकोच्या हाका? वारा उलटा होता, ऐकूच आल्या नाहीत.

वारा उलटा म्हणे! ज्याचं पोट वाऱ्यावर चालतं त्या माणसाने हे बोलावं? या हंगामात वारा समुद्राकडून येतो, शेडवरून जातो आणि तळ्यावर उतरतो. शेडपाशी उडालेली टोपी दर वेळी तळ्यातच सापडते. हाक पोहोचली नाही असं मुळीच नव्हतं. चारचौघांत बायको चूक दाखवते हे त्याला झोंबलं, एवढंच. आणि त्यापायी तिची बहीण मोडून पडली होती.

थोरली गप्प बसली होती असंही नाही. तिने त्याला सुनावलं, तेव्हा “वाऱ्याचं तू मला शिकवू नकोस” असं म्हणून तो शिट्टी वाजवत निघून गेला. तिने बहिणीला सांगितलं, तर ती उलट हिचीच समजूत घालायला लागली. “ताई, माझी बाजू घ्यायची म्हणून भाऊजींना नावं ठेवू नकोस. अंगठा मीच दाखवला होता.”

थोरली नवी सुई बसवत होती तेवढ्यात धाकटी दारात आली. एक हात गळ्यात बांधलेला, दुसऱ्या हाताने काइटच्या सामानाची लांबडी पिशवी ओढत आणलेली.

“ताई, हे सगळं विकून टाक.”

“का गं?”

“उद्यापासून जुन्या ऑफिसात जातेय. घेतलं त्यांनी परत.”

“आणि शिकवायचं ठरलंय ते?”

“मला माझ्याच दोऱ्या बघता आल्या नाहीत. उद्या माझ्या हातून कुणाचं बरंवाईट झालं तर? भाऊजी बरोबर म्हणतात, माझ्यात घाईच फार.”

थोरलीला आधी बहिणीचाच राग आला. इतकी शहाणी पोर, आणि दुसऱ्याचं पाप डोक्यावर घेऊन निमूट खुर्चीत जाऊन बसणार! मग तो राग वळला आणि जिथं जायला हवा होता तिथं गेला. तिने मशीनवरची दोऱ्याच्या तुकड्यांची चिमूट उचलली, दारात गेली आणि बोटं उघडली. तुकडे भुर्रकन तळ्याकडे उडाले. खाली काठावर, त्याच जागी, कप्तान आता एका पाहुण्याला काइट कसा धरायचा ते दाखवत होता.

“इकडे ये. माझ्या शेजारी उभी राहा.”

“कशाला?”

“ये म्हणते ना. इथंच उभी होते मी त्या दिवशी.”

धाकटी आली. थोरलीला ओरडायची गरज नव्हती. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत ऐकू जावं एवढाच आवाज काढून ती म्हणाली, “अहो, चहा झालाय.”

कप्तानची मान वळली. या वेळी पुरती वळली. त्याने हात वर केला आणि काहीतरी ओरडला. “...लो, आलो! साखर... मी...” त्याचं बोलणं मात्र तुटक तुटक पोहोचलं, कारण तिकडून इकडे वारा खरंच उलटा होता.

धाकटीचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग कानापर्यंत लाल झाला.

“ऐकू येतं त्यांना,” ती म्हणाली.

“चहाचं येतं.”

कप्तान हात पुसत वर आला. मागोमाग पाहुणेही आले. “कुठंय चहा?”

“केलाच नाही,” थोरली म्हणाली.

“मग हाक कशाला मारलीस?”

“भाऊजी,” धाकटीने विचारलं, “आज वारा कुठून आहे?”

कप्तानने तोंड उघडलं. सवयीने त्याची नजर शेडवर तळ्याच्या दिशेने फडफडणाऱ्या झेंड्याकडे गेली, तिथून बायकोकडे आली, मग मेहुणीच्या गळ्यातल्या हातावर अडकली. “अगं, तो दिवस वेगळा होता...” असं म्हणून तो पाहुण्यांकडे बघून हसला. कुणीच हसलं नाही.

“काढ ती शिट्टी,” थोरली म्हणाली.

“काय?”

“गळ्यातली शिट्टी काढ.” लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिने त्याला अरे-तुरे केलं ते आजच. एकदा जीभ सुटल्यावर तिला ते जडही गेलं नाही. “अहो म्हणून हाक मारली तर तुला ऐकू येत नाही ना? आता येतंय का बघ. काढ!”

कप्तानने ती काढली नाही. धाकटीनेच चांगला हात पुढे केला, त्याच्या गळ्यातली शिट्टीची दोरी डोक्यावरून ओढून काढली आणि स्वतःच्या गळ्यात घातली.

“हाड जुळेपर्यंत मी काठावर उभी राहून दोऱ्या बघणार,” ती म्हणाली. “इथून पुढं माझी शिट्टी झाल्याशिवाय काइट सोडायचा नाही. तुम्हीसुद्धा नाही.”

मग तिने ती लांबडी पिशवी पुन्हा ओढली आणि आत आपल्या नेहमीच्या खुंटीखाली नेऊन ठेवली. थोरली मशीनवर बसली. सुईत दोरा ओवताना तिने मान वर केली नाही.

“आणि चहा हवा असेल तर करून घे,” ती नवऱ्याला म्हणाली. “तिघांचा टाक.”